भाऊंनी मागितलेली आंघोळ

प्रिय ईरा आणि निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, "आजी, खिडकीत त्या तपकिरी पट्ट्या कसल्या ठेवल्यायत?" मी म्हटलं, सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की होतात. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं आणि तो दुसऱ्या विषयाकडे वळला. माझं झालं नाही. इतकी वर्षं ही सुकेळी ज्यांनी मला आणून दिली ते गृहस्थ आता नाहीत. यंदा त्यांचा मुलगा पिशवी दारात ठेवून, पाणीसुद्धा न पिता निघून गेला. आणि मी ज्या कारखान्यात नोकरी केली त्याची मागे राहिलेली जुनी पाटी गेल्या आठवड्यात उतरवली. या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत. मला सगळं जागच्या जागी लावून ठेवायची सवय आहे, हे तुमच्या आईला विचारा. लहानपणी तिला त्याचा फार त्रास झाला. तर हेही लावून ठेवते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सावकाश वाचा. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांना सावकाश वाचलेलंच आवडायचं.

त्यांचं नाव लिहीत नाही. छापलेल्या नावाचा त्यांना मनापासून राग होता. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी "अहो भाऊ" म्हणत असे आणि ते मला "बाई".

तुम्हाला माहीत आहे की मी वसईच्या पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते. म्हणजे कंपनीच्या बाजूची. भाऊ युनियनचे, म्हणजे समोरच्या बाजूचे. तारुण्यात ते त्याच कारखान्यात फिटर होते. माझ्या आधीच्या काळात एक संप झाला, त्यात त्यांना काढलं आणि परत कधी घेतलं नाही. मग ते भुईगावला वडिलांच्या वाडीत केळी आणि पानवेल करू लागले आणि सकाळची पाणी सोडण्याची कामं उरकली की सायकलने, पुढे स्कूटरने, स्टेशनपलीकडे कारखान्याच्या गेटवर येऊ लागले. काढून टाकलेला माणूस त्याच गेटवर जन्मभर येत राहिला. आत घ्या, असं त्यांनी स्वतःसाठी एकदाही म्हटलं नाही.

बोलणी असली की ते सुकेळ्यांचा पुडा घेऊन येत. केळीच्या सोपटात बांधलेला, वर वाखाची गाठ. टेबलाच्या मधोमध ठेवत आणि आमच्या डायरेक्टरसाहेबांकडे सरकवत. "खा, साहेब." स्वतः खात नसत. मला पुष्कळ दिवस वाटायचं की हा पाहुणचार आहे. मग एकदा लक्षात आलं की साहेब तावातावाने "हे कदापि शक्य नाही" म्हणायला लागले की पुडा पुढे येतो. सुकेळं चिवट असतं. एकदा तोंडात घातलं की बराच वेळ चावत बसावं लागतं, आणि तोंड भरलेलं असताना कदापि म्हणता येत नाही. मी त्यांना विचारलं, "भाऊ, ही युक्ती आहे का?"

"युक्ती कसली, बाई? माणसाला नाही म्हणायच्या आधी जरा वेळ मिळावा."

घोषणा त्यांना चालत नसत. युनियनचा पुढारी आणि घोषणा नकोत! कोणी "जिंदाबाद" म्हणून हात वर केला की हे कानात बोट घालून उभे राहायचे. म्हणायचे, ओरडताना माणूस ऐकत नाही. त्यांचं सगळं काम ऐकवण्याचं होतं. करारावर कधीही ऑफिसात सही करायचे नाहीत. कागद घेऊन गेटवर जायचे, केळ्यांच्या क्रेटवर उभे राहायचे आणि एकेक कलम मोठ्याने वाचायचे. वाचून झालं की विचारायचे, "कळलं?" सगळे म्हणायचे, हो. मग कोणा एकाकडे बोट दाखवायचे. "मग सांग." आणि तो बिचारा डोकं खाजवायला लागायचा. सगळ्या कलमांचं असं होईपर्यंत ऊन उतरायचं. आमचे डायरेक्टर वर काचेतून बघत बसायचे आणि मला म्हणायचे, "बाई, हा शाळामास्तर व्हायचा चुकून फिटर झाला."

कलमांचे आकडे मात्र ते हमखास चुकवत. मी टेबलापलीकडून दुरुस्त करायची. त्यांना त्याची लाज वाटत नसे. "आकडा चुकला असेल, बाई. माणूस चुकलेला नाही." आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायचे, म्हणजे विषय संपला.

आता नळांचं सांगते. कारखान्यात पॉलिश खातं म्हणून एक खातं होतं. भांड्याला चकाकी आणताना जी काळी भुकटी उडते, ती त्या माणसांच्या केसांत, कानांत, पापण्यांत बसायची. सुट्टी झाली की डोळे तेवढे पांढरे. सगळ्यांना हात धुवायला मिळून एक नळ होता. मी नवीन होते तेव्हाचा पहिला करार. माणसांना पगारवाढ हवी होती आणि भाऊंनी मागण्यांत सगळ्यात वर लिहिलं होतं, आंघोळीची सोय. गेटच्या आत लगेच, नळांची रांग, बायकांसाठी आडोसा वेगळा, थंडीत गरम पाणी.

माणसं खवळली. पॉलिश खात्यातला गजा म्हणून एक तोंडाळ होता, तो भर गेटवर म्हणाला, "भाऊ, लोक वाढ मागतात आनि तुमी मोरी मागता? उद्या उटनं पन मागा!"

भाऊ क्रेटवरून म्हणाले, "तुझं पोर तू घरी गेल्यावर जवळ येतं का रे?"

गजाने काळे हात मागे घेतले. त्याचं पोर खरंच येत नसे. सगळ्यांना माहीत होतं. वाढ थोडी कमी मिळाली आणि नळ मिळाले. करारातलं ते कलम इंग्रजीत मीच लिहिलं. डायरेक्टर सही करताना हसत होते. इतक्या स्वस्तात सुटलो, असं त्यांना वाटलं असावं.

भाऊंच्या आणखी एका खोडीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. निवडणूक झाली की रस्त्यांवर पुढाऱ्यांचे फ्लेक्स लोंबत राहतात, ते भाऊ उतरवून वाडीत न्यायचे. सगळ्या पक्षांचे. जमिनीवर उलटे अंथरून त्यावर बांबूच्या तट्ट्या मांडून केळी वाळवायचे. मी एकदा भुईगावला त्यांच्या घरी गेले होते तेव्हा वाऱ्याने एक कोपरा उलटला आणि खालून हात जोडलेले एक नेते माझ्याकडे बघून हसले. भाऊ म्हणाले, "राहू द्या, बाई. पाच वर्षांत पहिल्यांदा कामाला आलेत."

मी निवृत्त झाले, माणिकपूरच्या या फ्लॅटमध्ये एकटी राहू लागले, आणि भाऊ माझ्याकडे येऊ लागले. कारण इंग्रजी. दिल्लीत कामगारांचे कायदे बदलायचं चाललं होतं. जुने एकोणतीस कायदे जाऊन त्यांच्या चार संहिता होणार होत्या. ते कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे, "वाचा."

खरं सांगायचं तर मला ती कल्पना आवडली होती. मी ज्या टेबलावर जन्म काढला तिथे एकाच माणसाचं नाव वेगवेगळ्या कायद्यांसाठी वेगवेगळ्या रजिस्टरांत लिहावं लागे, आणि तपासणीला येणारा प्रत्येक इन्स्पेक्टर दुसरंच रजिस्टर मागे. काही कायद्यांत तर कामगार या शब्दाचा अर्थसुद्धा एक नव्हता. माझ्यासारख्या बाईला हे किती खुपायचं! कोणीतरी हे कपाट आवरतंय, याचा मला आनंद झाला होता. प्रत्येकाला नेमणूकपत्र मिळालंच पाहिजे, हे कलम तर मी भाऊंना दोनदा वाचून दाखवलं.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले. "हे मी गेटवर वाचीन. पुढे."

पुढे तीनशेचं कलम आलं. कारखान्यात तीनशेपेक्षा कमी माणसं असली तर तो बंद करायला सरकारची परवानगी लागणार नाही. पूर्वी ही मर्यादा शंभरची होती. आमचा कारखाना या दोन आकड्यांच्या मधला. भाऊंनी ते मला परत वाचायला लावलं.

मग संपाचं कलम. संपाची आधी नोटीस द्यायला हवी, चौदा दिवसांची. आणि संप म्हणजे काय, तर निम्मी किंवा जास्त माणसं एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजेवर गेली तर तोही संप.

"थांबा," भाऊ म्हणाले. "निम्मी रजेवर गेली तर?"

"तर संप. नोटीस नसेल तर बेकायदा."

"आणि मयताला गेली तर?"

मी म्हटलं, "भाऊ, हे ठरवून एकदम रजा टाकून काम बंद पाडतात, त्यांच्यासाठी आहे. मयतासाठी नाही."

"मग लिहिलंय का तसं? मयत सोडून?"

लिहिलेलं नव्हतं. मी परत बघितलं. मला वाटलं, हा माणूस नसती शंका काढतो आहे. पण तुम्ही इथे वाढला नाहीत म्हणून सांगते. आमच्या कारखान्यातली बहुतेक माणसं पूर्वेकडच्या गावांतली, चांदीपच्या बाजूची, काही भुईगावसारख्या समुद्राकाठच्या बंदरपट्टीची. यांच्यात माणूस गेला तर सगळे जातात. लग्नाला नाही गेलं तर चालतं, पुढे हसण्यावारी जातं. मयताला नाही गेलं तर नातवंडांनासुद्धा ऐकून घ्यावं लागतं. मी नोकरीत असताना असा दिवस आला की मी वर सांगायची, आज उत्पादन नाही, मयत आहे. आणि डायरेक्टर मान डोलवायचे. कोणत्याही कायद्यात ते नव्हतं, नुसतं चालत होतं.

त्यानंतर भाऊंनी जे चालवलं त्याला लोक वेड म्हणू लागले. माणिकपुरात कोणत्याही पक्षाची सभा असो, हे पुढच्या रांगेत. भाषण संपलं की उभे. "मयताला गेलो तर संप धरणार का?"

एका उमेदवाराने हात जोडले. "काका, असं कसं होईल? कायदा माणुसकीनेच राबवायचा असतो."

"मग लिहा तसं."

विरोधातला म्हणाला, "आमचं राज्य येऊ द्या, चारही संहिता रद्द!"

"सगळ्या नको," भाऊ म्हणाले, "बाईंना नेमणूकपत्राचं आवडलंय."

लोक हसले. मुंबईहून मोठ्या युनियनचे पुढारी आले, त्यांनी तीनशेच्या कलमावर जोरदार भाषण केलं. ते बरोबरच होतं. भाऊंनी त्यांनाही मयताचं विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, देशाच्या पातळीवर बोलतोय आपण." भाऊ माझ्याकडे येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "देशात कोणी मरत नाही वाटतं."

मग संहिता लागू झाल्या. त्याच सुमारास कारखान्यात डायरेक्टरांचे मुलगे बसू लागले होते आणि एक नवा तरुण मॅनेजर आला होता. त्यांना कायम माणसं कमी करून काम ठेकेदाराकडून घ्यायचं होतं. भाऊ बोलणी करत होते. मागणी एकच: जे कायम आहेत ते करार असेपर्यंत कायम राहतील. नवा मॅनेजर वाईट मुलगा नव्हता. पण भाऊंनी पुडा सरकवला तर तो म्हणाला, "सॉरी, माझं डाएट आहे," आणि लॅपटॉपकडे बघतच "नाही" म्हणाला. भाऊंनी पुडा तसाच परत आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मला ते बघवलं नाही. त्यांना मी चहा दिला, तोही त्यांनी निम्मा टाकला.

"बोलणी चालू आहेत तोवर बरं आहे, बाई. यांना मोडायला सबब पाहिजे. बेकायदा संप झाला की झालंच."

दुसऱ्या दिवशी ते गेटवर क्रेटवर चढले. पॅकिंगमधली सुमन मला पुढे सांगत होती. ही चांदीपच्या बाजूची, भाऊंच्या हाताखाली तयार झालेली, आता युनियनची सेक्रेटरी. भाऊ म्हणाले, "मी मेलो तर एकदम रजा टाकायची नाही. अर्ध्यांनी यायचं, अर्ध्यांनी काम करायचं. कोण यायचं आणि कोण राहायचं, ते मी जिवंत आहे तोवर ठरवा."

गजा म्हणाला, "भाऊ, तुमी आधी मरा तर. मंग बगू."

सगळे हसले आणि कोणी काही ठरवलं नाही.

थंडी संपत आली होती. पहाटे वाडीत पाणी सोडताना भाऊ खाली बसले ते उठले नाहीत.

उजाडायच्या सुमाराला सुमन माझ्या दारात आली. चपला तशाच, डोक्यावर ओढणी. "बाय, भाऊ गेले. सगली मानसं गेटवर उभी हायत. पयली पाली आत जात नाय. म्हनतात, मयत हाय, कोनी काम करनार नाय. मी काय करू?"

कारखाना दोन पाळ्यांत चालायचा. पहिली सकाळी सातची, ती साडेतीनला सुटायची, आणि तिथून दुसरी. एक पाळी म्हणजे निम्मी माणसं. पहिली पाळी आत गेली नाही की कायद्याने संप झाला, आणि बोलणी मोडायला हवी ती सबब भाऊंच्या मयतानेच दिली असती. मी सुमनला म्हटलं, "भाऊंच्या मुलाला फोन लाव."

मुलगा फोनवर शांत होता. "बाई, बाबांनी मला सांगून ठेवलंय. पहिली पाळी सुटून येईपर्यंत उचलायचं नाही. दुसऱ्या पाळीने सकाळी यायचं आणि वेळेवर परत जायचं. कोणाची रजा नको."

सुमन तशीच पळत गेली. तिनेच सांगितलं पुढचं. भाऊंचा क्रेट वॉचमनच्या केबिनमागे असायचा, तो तिने ओढून काढला आणि वर चढली. हातात वाचायला कागद नव्हता. ती म्हणाली, "निम्मी मानसं एका दिशी रजेवर गेली तर काय होतं? सांगा."

मग तिने भाऊंसारखंच बोट दाखवलं.

"गजादादा, तू सांग."

गजाचे केस पिकले होते आता. तो गेटच्या सळ्या धरून उभा होता. "संप," तो म्हणाला.

"नोटीस दिलेली हाय?"

"नाय."

"मंग?"

"मंग काय!" गजा ओरडला. "म्हातारा मेला तरी हजेरी घेतोय." आणि रडत रडत तोच आधी आत गेला. त्याच्यामागून बाकीचे.

मी रिक्षाने भुईगावला गेले. अंगणात दुसऱ्या पाळीची माणसं बसलेली होती, बायका ओटीवर. भाऊंची थोरली बहीण, नव्वदीला आलेली, ताडताड बोलत होती. "जन्मभर त्या भोंग्यावर उठला, बसला. आता जळायलाही भोंगा पायजे याला? मयत कोणी असं ताटकळत ठेवतं?" मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिला म्हटलं, "त्यांचीच इच्छा होती." ती म्हणाली, "त्याच्या इच्छा मला सांगू नका. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलाय."

दुसऱ्या पाळीने दर्शन घेऊन निघायचं, घरी जाऊन आंघोळ करायची आणि कामावर जायचं, असं ठरलं होतं. पण अंगणात मयत असताना उठून चालू पडणं कोणाच्या अंगवळणी नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. कोणी आधी उठेना. दुपार कलू लागली तरी सगळे तसेच. शेवटी सुमनने घड्याळ बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. मुलाने केळी वाहायचा टेम्पो काढून दिला, आणखी एक शेजाऱ्यांचा. त्यात कोंबून सगळे थेट कारखान्याकडे निघाले.

घरी जायला आता वेळ उरला नव्हता. म्हणजे आंघोळीलाही नाही. मयताहून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरातसुद्धा शिरत नाहीत. आणि ही माणसं ज्या मशीनवर काम करत त्याला दसऱ्याला हार घालणारी, रोज सकाळी हात लावून नमस्कार करणारी. मयताचं अंग घेऊन ती मशीनला हात लावणार नव्हती. हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. भाऊंनी कायदा पुरता पाहिला होता, मी तो वाचून दिला होता, मुलाने वेळ लावून दिली होती. आंघोळ सगळे विसरलो होतो. टेम्पो निघून गेल्यावर भाऊंच्या बहिणीनेच मला विचारलं, "आंघोळ कुठे करणार ती?" निम्मी माणसं आंघोळीसाठी घरी गेली असती, तरी ती गैरहजरच.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सुमनने सांगितलं तसं लिहिते.

गेटपाशी टेम्पो थांबले. बायका म्हणाल्या, अशा अंगाने आत कसं जायचं? मॅनेजर खात्याच्या दारात, हजेरीच्या मशीनजवळ उभा होता. मग वॉचमननेच हात केला, उजवीकडे. गेटच्या आत लगेच ती नळांची रांग. गरम पाण्याची टाकी केव्हाच बिघडली होती आणि कोणी दुरुस्त केली नव्हती, पण नळ होते, पाणी होतं. पुरुष कपड्यांसकट नळांखाली बसले. बायका आडोशाला. थंड पाणी डोक्यावर घेताना काही जण मोठ्याने रडले. सुमन म्हणाली, "बाय, घरी रडाय लाज वाटते. तिथं पान्यात कोनाला दिसत नाय."

मग सगळे ओले रांगेत हजेरीच्या मशीनपाशी. ओला अंगठा मशीन घेईना. पुन्हा पुन्हा लावला तरी लाल दिवा. अंगावर कोरडा धागा नाही, गणवेश लॉकरमध्ये, लॉकर मशीनच्या पलीकडे. घड्याळ साडेतीनकडे सरकत होतं. मॅनेजर म्हणाला, "हे काय चाललंय? टाइम झाला."

"टायमातच हायत, साहेब," वॉचमन म्हणाला. "मयताहून आलेत." त्याने गळ्यातला पंचा काढला आणि सुमनच्या हातात दिला. ती दारात उभी राहून एकेकाचा अंगठा पुसू लागली. पुसायचा, लावायचा, हिरवा दिवा. पुसायचा, लावायचा. पंचा ओला झाला तेव्हा मॅनेजरने आपला रुमाल काढून दिला. हेही सुमननेच सांगितलं, आणि मी ते मुद्दाम लिहिते आहे.

भोंगा झाला तेव्हा दुसरी पाळी आत होती. एकही गैरहजर नाही.

आणि सुटलेली पहिली पाळी भुईगावला आली. सगळ्यांनी कारखान्यातून निघताना नळांवर तोंडं धुतली होती, केस विंचरले होते. गजाने खांदा दिला. सूर्य मावळायच्या आत सगळं झालं.

संप झाला नाही. सबब मिळाली नाही. बोलणी पुढे चालू झाली, टेबलावर भाऊंच्या जागी सुमन. ती सुकेळ्यांचा पुडा घेऊन गेली होती. मॅनेजरने या वेळी एक तोंडात घातलं.

इथे मला थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तुम्हाला मी अर्धी गोष्ट कधी सांगितली नाही. काही महिन्यांतच कंपनीने कारखाना बंद करण्याची नोटीस लावली. परवानगीची गरज नव्हती. नोटिशीचा काळ पाळला, कायद्याने द्यायचं ते सगळ्यांना दिलं. सबब त्यांना कधी लागणारच नव्हती, भाऊ. हे मी मनात त्यांना सांगते आणि मग वाटतं की त्यांना ते ठाऊक असणार. तीनशेचं कलम त्यांनी माझ्याकडून परत वाचून घेतलं होतं. त्यांना एवढंच नको होतं, की माणसांची नोकरी आपल्या मयतामुळे जावी.

गजा आता घरी असतो, नातवाला शाळेत सोडतो. काहींनी रिक्षा घेतल्या. कारखान्याच्या जागेत पार्सलचं गोदाम आलं आहे, सुमन तिथे ठेकेदाराकडे लागली आहे. ठराविक मुदतीचं काम, पण नेमणूकपत्र मिळालं. ते तिने मला आणून दाखवलं. मी वाचून दाखवलं आणि विचारलं, "कळलं?" ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, "मग सांग." आम्ही दोघी हसलो.

तुम्ही पुढच्या वर्षी आलात की तुम्हाला तिथे नेईन. बघायला फार काही नाही. मशीनं नेली, भिंती पाडून नव्या बांधल्या, गेटही दुसरं बसवलं. ठेकेदाराला पाइप उखडायचा खर्च नको होता, म्हणून आतल्या उजव्या हाताची नळांची रांग तशीच राहिली. गोदामातली माणसं संध्याकाळी तिथे आंघोळ करून घरी जातात. नळांना पाणी येतं.

तुमची,
आजी